एक घनमीटर हवा, ३४ कोटी कोटी गणितं

दिल्लीत हवेची प्रत चोवीस तास मोजणारी सुमारे ४० स्वयंचलित केंद्रं आहेत. त्यांतलं धूलिकण मोजणारं यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर हवा आत ओढतं, म्हणजे तासाला एक घनमीटर. चाळीस केंद्रांची मिळून चाळीस घनमीटर. आता दिल्लीचं क्षेत्रफळ घ्या : १,४८४ चौरस किलोमीटर. हिवाळ्यातल्या सकाळी धूर ज्या थरात कोंडून राहतो त्याची उंची ३०० मीटर धरू. थंडी कडक असली की तो याच्याही खाली येतो. गुणाकार केला की त्या थरात ४४,५०० कोटी घनमीटर हवा भरते. म्हणजे दर अकराशे कोटी घनमीटरांतली एक यंत्रात जाते आणि बाकीची न मोजता निघून जाते. मतदारांचा कल याच प्रमाणात घ्यायचा ठरवला, तर ९७ कोटी मतदारांच्या देशात विचारायला एक अख्खा माणूसही मिळायचा नाही.

तरीही फोनमधलं ॲप तुमच्या भागाचा आकडा सांगतं, आणि परवा दुपारी तो किती असेल हेही सांगतं. ते थापा मारत नाही. पण ते जे सांगतं त्यात मोजलेलं किती आणि हिशेबाने काढलेलं किती, हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन बघण्यासारखं आहे.

आधी धुळीचं वजन करू. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. भारतीय मानकानुसार एका घनमीटरात असे कण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून १५च्या वर जाऊ नका म्हणते. दिल्लीत नोव्हेंबरच्या वाईट दिवशी २०० सहज असतात. २००ला ४४,५०० कोटींनी गुणलं की वजन येतं ८९ टन. नऊ डंपर भरतील एवढी धूळ, बस्स. आणि ज्या हवेत ती तरंगते त्या हवेचं वजन ५३ कोटी टन. साठ लाख भाग हवेत एक भाग धूळ, आणि तेवढ्यावर शाळा बंद होतात. कारण वजन थोडं असलं तरी संख्या अफाट असते : ०.३ मायक्रॉनचे कण घेतले तर एका मायक्रोग्रॅमात ते साडेचार कोटींहून जास्त मावतात. सगळे ८९ टन तसेच बारीक मानले, तर कणांची संख्या चारावर एकवीस शून्यं.

हे सगळं मोजण्याची आणि सांगण्याची जी व्यवस्था आहे, तिला संगणकवाले क्लायंट-सर्व्हर मांडणी म्हणतात. सर्व्हर म्हणजे मधे बसलेला, सगळ्यांचं नोंदवून ठेवणारा आणि मागेल त्याला देणारा संगणक. क्लायंट म्हणजे त्याच्याकडे काही देण्या-मागण्यासाठी येणारा. इथे क्लायंट दोन्ही टोकांना आहेत : एकीकडे मोजणी केंद्रातला डेटा लॉगर, दुसरीकडे तुमचा फोन. लॉगर सिमकार्डावरून दर पंधरा मिनिटांनी आकडे पाठवतो. रेंज गेली तर स्वतःजवळ साठवतो आणि आली की मागची सगळी थकबाकी एकदम पोचवतो. त्यामुळे सर्व्हरला प्रत्येक आकडा कधी आला यापेक्षा कधी मोजला गेला हे जपावं लागतं, नाहीतर पहाटेचा धूर दुपारच्या खात्यावर पडतो.

आता बघा, ही आवक किती मोठी असते. एका केंद्रात धूलिकण, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, वारा, तापमान वगैरे धरून बारा राशी मोजल्या जातात असं समजू. दिवसातून ९६ वेळा. म्हणजे १,१५२ आकडे. चाळीस केंद्रांचे ४६,०८०. एका आकड्याला ८ बाइट दिले तर सगळं मिळून ३६० किलोबाइटच्या आसपास. राजधानीच्या एका दिवसाच्या हवेची ही समग्र मोजणी. तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी सहाला येणारं गुलाबाच्या फुलाचं ‘शुभ सकाळ’ याच वजनाचं असतं. ‘बिग डेटा’ हा शब्द या क्षेत्रात फार ऐकू येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मोजणीच्या टोकाला डेटा मोठा नाही. तो महाग आहे.

का महाग, हे यंत्राचं झाकण उघडलं की कळतं. आत काचतंतूंची पांढरी फीत असते, जुन्या टेप रेकॉर्डरसारखी रिळावर गुंडाळलेली. फितीचा कोरा तुकडा आधी कार्बन-१४च्या बीटा किरणांसमोर धरला जातो आणि पलीकडे किती किरण पोचले ते मोजलं जातं. मग त्याच तुकड्यातून तासभर हवा ओढतात. तासाने तिथे बटणाएवढा करडा ठिपका उमटतो. पुन्हा किरण मोजायचे. जेवढे कमी पोचले तेवढी धूळ जास्त. फीत पुढे सरकते, नवा तास सुरू होतो. कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे किरण संपायची भीती नाही. संपते ती फीत. एक रीळ साधारण दोन महिने पुरतं : १,४४० ठिपके, १,४४० घनमीटर हवा. दिवाळीच्या रात्रीचे ठिपके शेजारच्या दिवसांपेक्षा नुसत्या डोळ्यांनीही वेगळे ओळखता येतात.

दिवाळीच्या रात्रीच आणखी एक गंमत होते. यंत्राची मोजपट्टी बहुतेक वेळा १,०००ला संपेल अशी लावलेली असते. त्याहून जास्त धूळ आली तरी पडद्यावर ९९९ दिसतं. दिल्लीत असे ९९९ अनेकदा उमटले आहेत. आणि संगणकाच्या जगात आकडा आलाच नाही हे सांगण्यासाठी पूर्वापार जी खूण वापरतात, ती उणे ९९९. वीज गेली, उणे ९९९. पंप अडकला, उणे ९९९. एका आडव्या रेघेच्या फरकाने एक आकडा म्हणतो ‘मोजता येणार नाही इतकं’ आणि दुसरा म्हणतो ‘मोजलंच नाही’. सर्व्हरवरची पहिली चाळणी नीट नसेल तर दोन्ही सरासरीत शिरतात.

चाळणीतून उतरलेले आकडे पुढे येतात पुण्यात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१०च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभी केली. ती २०१३मध्ये पुण्याला, २०१५मध्ये मुंबईला आणि २०१७मध्ये अहमदाबादला आली. २०१८च्या ऑक्टोबरपासून याच संस्थेने दिल्लीसाठी पूर्वसूचनेची वेगळी यंत्रणाही चालवायला घेतली. तिच्यात शहराचे ४०० मीटर बाय ४०० मीटरचे चौकोन पाडून अंदाज काढतात. दिल्लीचा धूर किती होणार हे पाषाणला ठरतं, म्हटलं तरी चालेल.

४०० मीटरचे चौकोन ऐकायला भरड वाटतात. मांडून बघू. दिल्लीभोवतीचा १०० किलोमीटर बाय १०० किलोमीटरचा तुकडा घेतला तर त्यात ६२,५०० चौकोन. हवा उंचही असते, म्हणून प्रत्येक चौकोनावर ५० थर. झाले ३१ लाख २५ हजार डबे. प्रत्येक डब्यात वारा, तापमान, बाष्प आणि रसायनं. रसायनांचा हिशेब ठेवण्यासाठी जगभर वापरली जाणारी मोझार्ट-४ नावाची एक मांडणी आहे. तिच्यात ८५ वायुरूप द्रव्यं, १२ प्रकारचे कण आणि त्यांच्यात घडणाऱ्या १९६ रासायनिक क्रिया आहेत. एका डब्याला शंभर आकडे धरले तर एका क्षणाचं चित्र मांडायला ३१ कोटी २५ लाख आकडे लागतात.

त्याच क्षणी मोजलेले आकडे किती? चाळीस केंद्रं गुणिले बारा राशी, ४८०. प्रत्येक मोजलेल्या आकड्यामागे साडेसहा लाख आकडे काढलेले. उपग्रह थोडी मदत करतात. पण धूलिकणांवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारा उपग्रह दिवसाउजेडी आणि निरभ्र आकाशातच बघू शकतो, आणि त्याला जमिनीपासून वरपर्यंतची सगळी धूळ एकत्र दिसते. शेतातली आग टिपणारे काही नावाजलेले उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. तीन वाजता पेटवलेलं पाचट त्यांच्या दिवसाच्या फेरीत सापडत नाही.

मग काळ एकेका ठोक्याने पुढे ढकलायचा. किती किती ढकलायचा याला नियम आहे : एका ठोक्यात वारा आणि त्याहून वेगाने धावणाऱ्या लहरी एक डबा ओलांडून पलीकडे जाता कामा नयेत. डबा ४०० मीटरचा असेल तर ठोका साधारण २.४ सेकंदांचा ठेवावा लागतो. तीन दिवसांचा अंदाज म्हणजे १ लाख ८ हजार ठोके. ३१ लाख २५ हजार डबे, प्रत्येकाचा हिशेब १ लाख ८ हजार वेळा : ३३,७५० कोटी. आणि एकेका वेळी वाऱ्याची, उष्णतेची, रसायनांची मिळून दहा हजार साधी गणितं धरली, तर एकूण ३४ कोटी कोटी.

हा आकडा हातात धरायला एक जुनी गोष्ट कामाला येते. लुइस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायचा आणि फावल्या वेळात मध्य युरोपातल्या एका जागेचं सहा तासांचं हवामान हाताने गणित करून काढायचा. त्याला सहा आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकलं. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने चढेल असं निघालं, प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाही नव्हता. तरी गडी डगमगला नाही. १९२२च्या आपल्या पुस्तकात त्याने प्रेक्षागृहासारख्या एका प्रचंड दालनात ६४,००० माणसं गणितं करत बसली आहेत असं चित्र रंगवलं. हवामानाच्या वेगाशी बरोबरी करायला एवढी माणसं लागतील, हा त्याचा अंदाज. आपण त्याच्याहून उदार होऊ. १४० कोटी भारतीयांना कामाला लावू, तान्ह्या बाळांसकट, झोप नाही, जेवण नाही, सेकंदाला एक गणित. दिल्लीचा तीन दिवसांचा अंदाज हाती यायला २८ दिवस लागतील.

पाषाणला २०१८मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला. त्याची क्षमता ४ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ४० कोटी कोटी गणितं. कागदावर आपलं काम एका सेकंदाच्या आत उरकायला हवं. पण कागदावरची क्षमता ही गाडीच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखी असते. एक तर तो संगणक एकट्या दिल्लीचा नाही; मॉन्सूनपासून सगळी कामं त्याच्या डोक्यावर. दुसरं कारण जास्त मजेदार आहे. काम वाटून द्यावं लागतं. समजा, ६२,५०० चौकोनांचे आठ बाय आठचे गट केले आणि एकेक गट एकेका प्रोसेसरला दिला. साधारण ९७७ प्रोसेसर कामाला लागले. पण वारा गटाच्या सीमा मानत नाही, म्हणून प्रत्येक ठोक्याला प्रत्येक प्रोसेसरने शेजाऱ्याला विचारायचं : तुझ्या कडेला आत्ता काय चाललंय? आठ बाय आठच्या ६४ चौकोनांपैकी २८ सीमेवरचेच असतात. घाई करावी म्हणून चार बाय चारचे गट करा, १६ पैकी १२ सीमेवर. माणसं वाढवली की काम कमी आणि विचारपूस जास्त, हे सरकारी कचेरीत दिसतं तसं इथेही दिसतं. प्रत्येक प्रोसेसरने सेकंदाला १०० कोटी गणितं खरोखर केली तर तास लागेल.

तास म्हणजे काही वाईट नाही. मग चौकोन आणखी बारीक का करत नाहीत? कारण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि ठोकाही निम्मा करावा लागतो, म्हणून काम आठपट. एखाद्या गल्लीत, दोन इमारतींमधे धूर कसा घुटमळतो ते बघायला दहा मीटरचे चौकोन हवेत. ४००वरून १०, म्हणजे चाळीसपट बारीक. चाळीसचा घन ६४,०००. योगायोगाने रिचर्डसनच्या दालनात माणसंही तितकीच होती. एका तासाच्या जागी ६४,००० तास : परवाचा अंदाज सव्वासात वर्षांनी.

२०२४च्या सप्टेंबरमध्ये पाषाणला ‘अर्क’ आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा. नोएडातला ८.२४ पेटाफ्लॉपचा ‘अरुणिका’ धरून खर्च ८५० कोटी रुपये. देशाला त्यांची गरज होतीच. पण डबे बारीक केले म्हणून माहिती बारीक होत नाही, हे विसरायला फार सोपं जातं. महासंगणकाच्या उद्घाटनाला फीत कापतात. दर दोन महिन्यांनी यंत्रात घालायच्या फितीला मात्र कोणी विचारत नाही. माझ्या हातात असतं तर मी पुढचे पैसे आधी केंद्रांवर आणि त्यांच्या देखभालीवर घातले असते.

मोजणी विरळ असली की काय होतं याचा धडा मुंबईने घेतलेला आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम ७३. मधलं अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आत. सरासरी काढली तर ५०८ येते, आणि एवढा पाऊस त्या दोन्ही ठिकाणी कुठेच पडलेला नव्हता. ९४४ मिलिमीटर म्हणजे एका चौरस किलोमीटरवर ९४ कोटी लिटर पाणी. पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, आणि २०२०च्या जूनमध्ये ‘आयफ्लोज’ ही पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू झाली. तिचे सात भाग आहेत : एक आकडे गोळा करून मुरवतो, एक पुराचं गणित करतो, एक पाणी कुठे किती चढेल ते काढतो, आणि शेवटी कोणाला काय सांगायचं ते ठरतं. धूर असो की पाणी, मांडणी तीच.

तर पाषाणचं गणित संपलं. आता उत्तर ठेवायचं कुठे? एका क्षणाचे ३१ कोटी आकडे, प्रत्येकी ४ बाइट : सव्वा गीगाबाइट. १ लाख ८ हजार क्षण सगळे जपायचे तर १३५ टेराबाइट, रोज. ते शक्यही नाही आणि त्याचा उपयोगही नाही. म्हणून तासाला एक चित्र ठेवतात, बाकी पुसून टाकतात. ७२ चित्रं, ९० गीगाबाइट. एवढ्या कष्टाने काढलेल्या दर दीड हजार चित्रांपैकी १,४९९ कोणाच्याही नजरेला न पडता जातात.

त्या ९० गीगाबाइटमधून तुमच्या फोनवर येतात फार तर ५०० बाइट. जागेचं नाव, आकडा, रंग, पुढच्या दिवसांचे दोन-तीन आकडे. अठरा कोटी पट लहान झालेलं उत्तर. सकाळी सात ते सात दहा या वेळात एक कोटी लोकांनी ॲप उघडलं, तर सर्व्हरवर सेकंदाला १६,६६७ विचारणा धडकतात. प्रत्येकासाठी पुन्हा मूळ आकड्यांच्या ढिगात शिरायचं म्हटलं तर सर्व्हर दहा मिनिटांत आडवा होईल. पण सुदैवाने दिल्लीतल्या आनंद विहारमधल्या सगळ्यांना एकच उत्तर हवं असतं, आणि ते तासभर बदलत नाही. एकदा काढायचं, समोरच्या फळीवर ठेवायचं आणि येईल त्याला तेच द्यायचं. अख्ख्या साखळीतलं सर्वांत स्वस्त काम हे, आणि ॲप अडकलं की शिव्या नेमक्या याच कामाला पडतात.

फोनवरच्या नकाशाबद्दल मात्र सावध राहावं. दोन बोटांनी तो इतका मोठा करता येतो की आपल्या सोसायटीची गच्ची दिसते, आणि गच्चीचा रंग शेजारच्या गच्चीपेक्षा किंचित वेगळा असतो. तो फरक कोणी मोजलेला नाही, आणि ४०० मीटरच्या डब्याला दोन गच्च्या वेगळ्या माहीतही नाहीत. दोन चौकोनांच्या मधे रंग मिसळून दिलेला असतो, दिसायला बरं दिसावं म्हणून.

आकडाही जपून वाचावा. भारतीय निर्देशांकात पीएम २.५साठी चोवीस तासांची सरासरी धरतात. मध्यरात्री एका तासात ९०० मायक्रोग्रॅम आणि उरलेले तेवीस तास ६० असतील, तर सरासरी ९५. निर्देशांक म्हणेल ‘वाईट’, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी चौथी. ज्या तासात फितीवर काळाकुट्ट ठिपका उमटला, तो तास त्या आकड्यात विरघळून गेलेला असतो. शिवाय निर्देशांक ५००ला थांबतो. हिवाळ्यात काही खासगी संकेतस्थळांवर त्याच दिल्लीचे हजारांवरचे आकडे झळकतात, ते त्यांची पट्टी वेगळी असते म्हणून.

आता राहिली एक वस्तू, जिच्याशिवाय पाषाणचा संगणक एक ठोकाही पुढे सरकू शकत नाही : धूर कुठून किती निघतो याची यादी. मोजणी केंद्रं हवेत काय आहे ते सांगतात, पण परवाचा अंदाज काढायला उद्या आणि परवा कोण काय जाळणार हे लागतं. दिल्लीची अशी यादी ‘सफर’ने २०१०मध्ये केली आणि २०१८मध्ये पुन्हा केली, दुसऱ्या वेळी ४०० मीटरच्या चौकोनांनी. दिल्ली शहरापुरते तसे चौकोन होतात ९,२७५. त्यात वाहनं, कारखाने, वीजकेंद्रं येतात, त्यांची कागदपत्रं तरी असतात. पण रस्त्यावरचे खाद्यपदार्थवाले, झोपडपट्टीतल्या चुली, ढाबे, जळता कचरा यांची कागदपत्रं कुठून आणणार? तिथे माणूस पाठवावा लागतो. हातात तक्ता घेतलेलं एखादं विद्यार्थी पोरगं तंदूरवाल्यासमोर उभं राहतं आणि विचारतं, भय्या, दिवसाला कोळसा किती लागतो? तंदूरवाला रोटी थापता थापता म्हणतो, लिखो दस-बारह किलो. तक्त्यात ११ पडतात. ते ११ त्या चौकोनाच्या रकान्यात जातात आणि तिथून दर ठोक्याला हवेत धूर सोडतात. एका अंदाजात १ लाख ८ हजार वेळा, रोज एक अंदाज धरला तर वर्षात ३ कोटी ९४ लाख वेळा.